गुंड्याच्या पेटीतली हवा

सगळं बरोबर असताना गुंड्या तोंड वासून का बसलाय, ते मालनला काही केल्या समजेना.

गुंड्या हा तिच्या नातीचा, प्रांजलचा कॅमेलिऑन. सरडाच, पण परदेशी जातीचा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. मुलुंडच्या मैत्रिणीने देश सोडताना कागदपत्रांसकट तो प्रांजलच्या हवाली केला होता. भांडुपच्या त्यांच्या दोन खोल्यांत दिवसभर पंखा चाले, जाळीच्या पिंजऱ्यात ओल टिकेना, आणि गुंड्याचे डोळे खोल गेले. ओलावा धरणारी पेटी केली नाहीत तर हा जगायचा नाही, असं प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावलं. प्रांजलने चित्र काढलं, ॲक्रिलिकचे पत्रे मापाने कापून आणले आणि आठवड्याच्या ट्रेनिंगसाठी नाशिकला गेली. पेटी जोडायचं आजोबांनी अंगावर घेतलं.

आजोबा, म्हणजे मालनचे यजमान चंद्रप्रकाश, बत्तीस वर्षं गिरणीच्या साचाखात्यात, मागांवर, विणकर होते. चित्रात एक जाळी खाली पुढच्या बाजूला होती, एक वर छताला. ती पाहून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गे, ही भोका कित्याक? ओल धरूक पेटी, आणि तिका खिडक्यो?"

मालनलाही ते पटलं. साचाखात्याच्या खिडक्या कधी उघडत नसत. आत पाण्याचे तुषार सोडलेले असत, कारण हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटे. कुणा नवख्याने उकडतंय म्हणून खिडकी उघडलीच, तर त्याची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस होई. मालन कधी डबा घेऊन गेली तर दारातच ती गरम, ओली हवा तोंडावर येई. त्या ओलीवर घरातली सहा पोटं जगली. ओलीतलं यांना कळतं, हे ती धरूनच चालली होती.

त्यांनी दोन्ही जाळ्यांवर पट्ट्या बसवल्या, कडेने सिलिकॉन भरलं, ते पुरतं वाळू दिलं आणि मग आत कुंडी, फांदी आणि गुंड्या ठेवला. ओलावा मोजणारा काटा पंच्याऐंशीवर गेला तो तिथेच राहिला. शेजारच्या राजेशला बोलावून त्यांनी तो दाखवलाही.

आणि आता तिसऱ्या दिवशी गुंड्या मान वर करून, तोंड उघडं टाकून फांदीला चिकटला होता. हिरवा होता तो काळपट झाला होता. रागावला की काळा होतो, असं प्रांजल म्हणाली होती. थंडी वाजली तरी होतो, असंही म्हणाली होती. आता राग म्हणावा की थंडी? पेटी तर आतून घामेजलेली.

तेवढ्यात प्रांजलचा फोन आला. मालनने गुंड्याचं तोंड उघडं असल्याचं सांगितलं, तसं तिने लगेच विचारलं.

"आज्जी, वरची जाळी उघडी आहे ना? ओल हवी, पण हवा खेळली नाही तर त्याची छाती भरते. मरेल गं तो."

चंद्रप्रकाश समोरच बसून मोठ्या अभिमानाने काट्याकडे बघत होते. मालन म्हणाली, "आहे उघडी." आणि फोन ठेवून दिला.

आपण असं का बोललो, हेही तिला कळेना. बत्तीस वर्षं जे बरोबर होतं, ते या टीचभर जनावरापुढे चूक कसं ठरतं? ओल धरायची आणि हवाही सोडायची, म्हणजे नेमकं काय करायचं? ती उठली, सुरी आणली आणि वरच्या पट्टीचं सिलिकॉन खरवडू लागली.

"गे, काय करतंस? काटो उतरतलो."

"उतरू दे. त्याला श्वास घेता येत नाहीये."

पट्टी निघाली. काटा ऐंशीवर आला, मग सत्तरवर, मग साठवर. चंद्रप्रकाश पेटीशी वाकले. त्यांनी त्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या हातातून सुरी घेतली आणि गुडघ्यावर बसून खालची पट्टी सोडवायला लागले. खालून वारा आत गेल्याशिवाय वरून बाहेर कसा पडेल, एवढंच पुटपुटले.

अर्ध्या तासाने गुंड्याने तोंड मिटलं. परत उघडलं. परत मिटलं. रंग ना धड काळा, ना हिरवा. बरा होतोय की थकलाय, दोघांपैकी कुणालाच सांगता येईना.

मालनने फोन उचलला.

"प्रांजल, मघाशी खोटं बोलले. नव्हती उघडी. आता उघडलीये. डॉक्टरांचा पत्ता सांग, आम्ही त्याला घेऊन निघतोय."

चंद्रप्रकाशांनी तोवर अंगात शर्ट चढवला होता.