दरवानाची बहीण

चूक बाब्याच्या अंगठ्याची.

गुरुवार, त्याच्या सुट्टीचा दिवस. दुपारचे दोन. ताई कामावर गेलेली, घरात तो एकटा. जन्मापासून दिसत नसलं तरी या तीन खोल्यांत तो वाऱ्यासारखा फिरायचा. जेवून, ताट धुऊन तो पलंगावर आडवा झाला आणि मोबाइलवर आपला लाडका सिनेमा शोधला, 'बिनसावलीचा पाहुणा'. जुनाच, पण नुकताच धुऊनपुसून कुठल्याशा ॲपवर आलेला. लावताना अंगठा जरासा खाली घसरला आणि फोन म्हणाला, "दृश्यवर्णन चालू."

हे काय नवीन, असं म्हणेपर्यंत सिनेमा सुरू झालासुद्धा. ओळखीचा वारा, ओळखीच्या घोड्यांच्या टापा, आणि त्यात एक अनोळखी पुरुष. बँकेत टोकन पुकारतात तशा आवाजात तो म्हणाला, "घोडागाडी थांबते. राखाडी कोटातला माणूस उतरतो."

"राखाडी?" बाब्या रिकाम्या खोलीला म्हणाला. "मरून रे, मरून!"

मरून रंगाचा कोट ताईचा होता. म्हणजे ताईने सांगितलेला.

थोडं मागे घेऊ.

ताई सोळाची आणि तो नऊचा, तेव्हा कुणीतरी ही कॅसेट घरी आणली. रक्तपिपासूचा सिनेमा. आई म्हणाली, पोरं घाबरतील. पोरं कसली घाबरतात. ताई त्याच्या उजव्या कानाशी बसली आणि दोन संवादांच्या मधल्या जागेत जे दिसेल ते सांगत गेली. मग दर वाढदिवसाला तोच सिनेमा. आई गेली, बाबा गेले, कॅसेटची सीडी झाली, पण उजव्या कानाशी ताई तीच आणि तिचे शब्दही तेच. ती पडदे शिवायची, कापडातलं माणूस, त्यामुळे तिच्या सिनेमात मखमल, झालर आणि अस्तराला तोटा नव्हता. बाब्या कधी 'ऐकला' म्हणायचा नाही, 'पाहिला' म्हणायचा. कुणी दुरुस्त करायला गेलं तर विचारायचा, "मी ताईच्या डोळ्यांनी पाहिलाय. तिला चष्मा नाही. तुमचा नंबर किती?"

तर, मरून की राखाडी? बाब्याला हसू आलं. शिवणकाम करणारी बाई ती, रंग आवडला नाही, बदलून टाकला. संध्याकाळी चांगली चिडवू, असं त्याने ठरवलं.

मिनिट सात.

ताईचं: म्हातारा दरवान. हातात पेटता कंदील. कंदील वर धरून तो पाहुण्याचं तोंड निरखतो.

त्या माणसाचं: "फाटकाशी दरवान. तरुण. त्याचे डोळे पूर्ण पांढरे. तो आंधळा आहे. हातातला कंदील विझलेला."

बाब्याने सिनेमा थांबवला. मागे घेतला. तो आंधळा आहे. पुन्हा मागे घेतला. तो आंधळा आहे.

सिनेमात कुणी तसं तोंडाने बोलत नाही. समोर दिसतंय ते कशाला बोलायचं? दरवानाला अख्ख्या सिनेमात चार वाक्यं, तीही घोगऱ्या आवाजात, त्यातलं पहिलं आता आलं: "या. पण तुमची पावलं वाजली नाहीत." लहानपणी बाब्या काठी घेऊन दारात उभा राहायचा आणि येईल त्या पाहुण्याला हे वाक्य ऐकवायचा. सिनेमातले डॉक्टर, वकील, घरमालक, सगळे डोळस लोक त्या पाहुण्याला माणूस समजून जेवायला बसवतात. तो माणूस नाही हे सगळ्यांत आधी कळतं ते दरवानाला. "म्हाताऱ्याचे कान तिखट आहेत," एवढंच ताई म्हणाली होती. म्हातारा! अख्ख्या जन्मात पडद्यावर आपल्यासारखा एकच माणूस भेटला, आणि एकतीस वर्षं त्याच्यासमोर बसून बाब्याला त्याची ओळख नाही.

मिनिट एकोणचाळीस. इथे कुणी बोलत नाही, नुसतं व्हायोलिन.

ताईचं: पाहुण्याने ढकललंय, दरवानाच्या कपाळाला खोक पडलीय. स्वयंपाकघरातली मुलगी धावत येते. ती त्याची बहीण. झग्याची झालर फाडून पट्टी बांधते. (पट्टी बांधायला एवढा वेळ लागतो का, असं त्याने एकदा विचारलंही होतं. "जखम मोठी आहे," ताई म्हणाली.)

त्या माणसाचं: "मुलगी दरवानाचा चेहरा दोन्ही हातांत धरते. त्याच्या ओठांवर ओठ टेकते. दोघं बराच वेळ तसेच."

मिनिट अठ्ठ्याऐंशी. पाहुणा मेला. पक्षी ओरडतात, सिनेमा संपत आला.

ताईचं: बहीण फाटक लावून घेते. दोघं आत जातात. घरात दिवा लागतो.

त्या माणसाचं: "फाटक सताड उघडं. दरवान आणि मुलगी हात धरून रस्त्याने दूर जातात. मागे घर रिकामं."

संगीत थांबलं तरी बाब्या फोन छातीवर घेऊन पडून राहिला. चिडवायचा बेत आता त्याच्या डोक्यात नव्हता. डोक्यात एक रविवार होता.

तोही मागे घेऊ. आठ महिने.

बाब्या मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर. तळमजल्यावरची खोली, कानाला हेडफोन, चारशे नंबर पाठ. लोक त्याला 'हॅलो' म्हणायचे. रक्त तपासायच्या लॅबमधल्या एका बाईने त्याला पहिल्यांदा फोन केला तो वेळ विचारायला. "भिंतीवरचं बंद पडलंय आणि हातात मी घालत नाही, हातमोजे फाटतात. किती वाजले, हॅलोसाहेब?" दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ सुरू झालं असावं, पण फोन आलाच. मग चहा झाला. मग गच्चीवरच्या बाकावर दोघांचे डबे. त्याने तिला सिनेमाची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "दिवसाला साठ जणांचं रक्त काढते मी. तुझा पाहुणा माझ्यापुढे कच्चा लिंबू."

त्या रविवारी ती घरी आली. दीड तास बसली, खूप हसली, ताईच्या पडद्यांचं कौतुक केलं. ती गेल्यावर ताई कप विसळत म्हणाली, "सांगणार नव्हते मी. पण मी नाही तर कोण सांगणार तुला? तू बोलत होतास ना, तेव्हा ती मनगटावरचं घड्याळ बघत होती. तीनदा. आणि कपासाठी तुझा हात चाचपडला तेव्हा तिने असं तोंड केलं, शी, जाऊ दे."

बाब्याने जाऊ दिलं. तिलाच. सोमवारपासून लॅबचा फोन आला की तो म्हणायचा, "नंबर सांगा." दोन आठवडे तिने विचारलं, काय झालं, माझं काही चुकलं का. "काही नाही. नंबर सांगा." तिसऱ्या आठवड्यापासून ती नंबर सांगायला लागली.

आता पलंगावर पडल्या पडल्या त्याने तो रविवार पुन्हा लावला. इथे वर्णन करायला टोकनवाला नव्हता. इथे फक्त त्याचा स्वतःचा हात होता. हात कपासाठी चाचपडला. तिने काही न बोलता आपलं डावं मनगट त्याच्या बोटांखाली आणलं आणि हळूच कपापर्यंत नेलं. मऊ मनगट, आत नाडी उडत होती. वर काही नाही. पट्टा नाही, काच नाही, काही नाही.

आणि तिने तर पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. हातात मी घालत नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं. आठ महिने माहीत होतं! पण ताईने बघायचं आणि त्याने मानायचं, यात आपल्या हातालाही काही विचारावं हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

पाचला ताई आली. पिशवी टेकवली, चपला काढल्या, "झोपला होतास का रे?" म्हणत चहाचं आधण ठेवलं.

"ताई, ते मिनिट एकोणचाळीस सांग ना."

"आत्ता? वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे."

"सांग की. सिनेमा नको, नुसतं सांग."

ताईला लाडीगोडी आवडायची. ओट्याशी उभ्या उभ्या तिने आवाज लावला. "खोक पडलीय. रक्त भुवईपर्यंत आलंय. तेवढ्यात बहीण धावत येते..."

"कुणाची?"

"दरवानाची."

"आणि दरवान म्हातारा."

"चांगला सत्तरीचा."

"बहीण विशीची, भाऊ सत्तरीचा. त्यांच्या आईचा सत्कार करायला हवा."

ताई खो खो हसली. मग तो हसत नाहीये हे तिच्या लक्षात आलं आणि हसू मधेच तुटलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"फोनने."

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला. "बाब्या, नऊ वर्षांचा होतास तू. आंधळा आहे म्हणून लोक त्याच्या पायांत काठ्या घालतात, हे सांगत बसू? आणि ते दुसरं? आई बाजूच्या खोलीत होती!"

"मी चाळीसचा आहे ताई."

"एकदा सांगितलं की तेच सांगावं लागतं रे. मधेच कसं बदलायचं?"

"बरं. सिनेमा सोड. तिचं घड्याळ कुठल्या हातात होतं?"

"कुणाचं?"

"कुणाचं ते तुला माहितेय."

"डाव्या."

"डावा माझ्या हातात होता."

"मग उजव्या असेल. आठ महिन्यांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं?"

"तू ठेवतेस. एकतीस वर्षं तू एक मरून कोट लक्षात ठेवलास."

पुसायचं फडकं ओट्यावरून एकदा पुढे गेलं, एकदा मागे आलं.

"बघत होती का ती घड्याळ?"

"आज नाही तर उद्या बघितलंच असतं," ताई म्हणाली. "मनातून बघतच असणार. कंटाळतात माणसं. आईच्या शेवटच्या आजारात कोण कोण येईनासं झालं ते मी पाहिलंय. तुला आधी सांगितलं, एवढंच केलं मी."

"आणि तोंड? कसं केलं होतं तिने?"

"बाब्या, चहा घे."

"कसं होतं तिचं तोंड?"

"छान होतं!" ताई ओरडली आणि तिचा आवाज फाटला. "छान बघत होती तुझ्याकडे. डोळे काढत नव्हती तुझ्यावरून. मला वाटलं, झालं, हा गेला. मग मी इथे कुणासाठी..."



एवढी वर्षं ज्या वाक्यासाठी त्याने काय वाटेल ते दिलं असतं ते हे. डोळे काढत नव्हती. आणि आता ते आलं तरी हाताला लागेना. हे खरं, की ताई पुन्हा एकदा त्याला बरं वाटेल असं सांगत होती? कुणाला विचारणार? आईचा चेहरा, त्याचा स्वतःचा चेहरा, या भिंतींचा रंग, सगळं एकाच दुकानातून घेतलेलं कापड. बाब्याने भिंतीला हात लावला. भिंत होती. तिचा पिवळा खरा की खोटा, हे भिंत सांगत नव्हती.

"रात्री काय करू जेवायला?" ताईने विचारलं, नेहमीच्या आवाजात.

"तुझ्यापुरतं कर," तो म्हणाला.

शुक्रवारी सव्वाअकराला लॅबची लाईन आली.

"वॉर्ड सहा द्या."

"जरा थांब. बोलायचंय."

पलीकडे तिचं नमुने फिरवायचं यंत्र गरगरत होतं. बाब्याने सगळं एका दमात सांगितलं. सिनेमा, दरवान, बहीण, घड्याळ, वाकडं तोंड. इतर लाईन खोळंबल्या तरी तो थांबला नाही.

"म्हणजे तुझी ताई म्हणाली की मी घड्याळ बघत होते."

"हो."

"आणि तू मानलंस."

"हो."

"दिवसातून चार वेळा मी तुझ्या कानात होते. 'हे खरं का गं?' एवढं विचारता आलं नाही तुला?"

"चुकलं माझं. पण आता कळलं ना. तुझं मनगट आठवलं मला. घड्याळ नव्हतंच त्यावर."

ती हसली. गच्चीवर हसायची तसं नाही.

"आणि मनगट आठवलं नसतं तर?"

बाब्याने हेडफोन कानावर घट्ट दाबला.

"आधी ताईचे डोळे खरे, आता माझं मनगट खरं," ती म्हणाली. "पुरावा सापडला म्हणून तू बोलतोयस, हॅलो. या सगळ्यात मी कुठे आहे?"

ताई खोटं बोलली, हे सांगण्यासारखं उत्तर होतं. ते तो कालपासून पाठ करून आला होता. पण ते या प्रश्नाचं नव्हतं.

"वॉर्ड सहा द्या," ती म्हणाली. "रिपोर्ट तातडीचा आहे."

त्याने जोडून दिलं. दोन्हीकडून आवाज आला की ऑपरेटरने बाजूला व्हायचं असतं. "लॅबमधून बोलतेय," ती पलीकडच्या नर्सला सांगत होती, नीट, सावकाश, एकेक आकडा दोनदा, म्हणजे ऐकणाऱ्याची चूक होऊ नये. बाब्या नियमापेक्षा थोडा जास्त वेळ लाईनवर राहिला. मग बटण दाबून बाजूला झाला.