दोन चमचे शेवगा

“पालेभाजी?” डॉक्टरांनी विचारलं.

“एक पानसुद्धा नाही,” ताई छातीठोकपणे म्हणाली. “केळं नाही, नारळपाणी नाही, टोमॅटो नाही. बटाटा दोनदा उकळून, पाणी टाकून. तुमचा कागद फ्रिजवर चिकटवलाय मी.”

खोटं नव्हतं ते. पाच महिन्यांपूर्वी भाऊजींची मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं, तेव्हापासून ताई तो कागद डोळ्यांत तेल घालून पाळत होती. तरी आज सकाळी भाऊजी चप्पल घालता घालता खाली बसले ते उठलेच नाहीत. आता कॉटवर पडले होते, छातीला वायरी. रक्तातलं पोटॅशियम भलतंच वाढलंय, हृदय कधीही दगा देईल, असं डॉक्टर सांगत होते. ते पोटात कशातून गेलं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी ताईची धाकटी बहीण. माझी जीभ कधीच माझ्या ताब्यात नव्हती.

“आणि ती पावडर?” मी म्हणाले.

“कसली पावडर?” डॉक्टरांनी विचारलं.

“अहो, ती शेवग्याची,” ताई सहज म्हणाली. “पानं घरीच सावलीत वाळवून केलेली. ती मी औषध म्हणून देते. रोज दोन चमचे, कोमट पाण्यात. या आठवड्यात फार थकवा होता, म्हणून तीन.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. “बाई, ती पालेभाजीच झाली की. तीही वाळवलेली. मूठभर पानांचं सगळं पोटॅशियम एका चमच्यात.”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असावं, असा तिचा चेहरा होता. मला मात्र लख्ख कळलं.

आता कुणीही म्हणेल, एवढ्या शहाण्या बाईच्या हातून असं कसं झालं? तर ऐका. ताई सव्वीस वर्षं आमच्या भागातल्या दवाखान्यात गरोदर बायकांना आणि तान्ह्या पोरांच्या आयांना काय खायचं ते शिकवते. तिच्या पाठीमागे सगळे तिला शेवगाबाई म्हणतात. रस्त्यात भेटलेल्या बाईची खालची पापणी ओढून बघायची आणि बजावायचं, “फिक्कट आहे. शेवगा खा.” एका लग्नात तिनं नवरीचीसुद्धा पापणी ओढली होती. शेवग्याच्या पानांत लोह, कॅल्शियम, प्रथिनं, डोळ्यांसाठी अ जीवनसत्त्व, हे ती झोपेत उठवलं तरी सांगेल. पण बायका नाक मुरडायच्या. कुंपणावरचा पाला कोण खाणार? म्हणून ताईनं युक्ती काढली. “याला भाजी म्हणूच नका,” ती दटावायची, “हे औषध आहे.” मग त्या खायला लागल्या. पोरं बाळसं धरू लागली.

सव्वीस वर्षं रोज तेच सांगता सांगता तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला. शेवग्याची बरणी तिच्या स्वयंपाकघरात नव्हतीच, ती भाऊजींच्या गोळ्यांशेजारी होती. कागदावर ‘पालेभाज्या बंद’ असं लिहिलेलं होतं, आणि तिच्या लेखी बरणीत पालेभाजी नव्हती. कागद लिहिणाऱ्याचं काही चुकलं नाही आणि वाचणारीनं एक अक्षर मोडलं नाही. माझा संताप कुणावर काढू मी?

भाऊजी वीजमीटर वाचायचे. घरोघरी जाऊन सांगायचे, “लोक माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात, आमची बाई शेवग्याच्या चढवते.” पण रोज सकाळी तो हिरवा ग्लास घटाघटा प्यायचे आणि तोंड वाकडं करून मला डोळा मारायचे.

त्या दिवशी तातडीनं डायलिसिस झालं. दुपारी ते शुद्धीवर आले. ताई सकाळपासून बसली नव्हती. ती कॉटजवळ गेली.

“अहो, मीच घातलं ते तुम्हाला,” ती म्हणाली. “शेवगा. माझ्या हातानं.”

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. “मला माहीत होतं,” ते म्हणाले.

“काय माहीत होतं?”

“शेवगा चालत नाही म्हणून. डायलिसिसच्या नर्सनं सांगितलं होतं, पहिल्याच आठवड्यात. मीच म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय. चूक माझी आहे गं. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

आता भाऊजींच्या तोंडात तीळ भिजत नसे. मीटर वाचून आले की बूट काढायच्या आत सगळ्या गल्लीची खबर बाहेर. ताईच्या वाढदिवसाला घड्याळ घेतलं तर दुकानातूनच तिला फोन. असा माणूस पाच महिने ही गोष्ट पोटात ठेवेल? एकतीस वर्षांच्या संसारात ते एकदाच तिच्याशी खोटं बोलले, आणि तेही धड जमलं नाही. बोलताना ते माझ्याकडे बघत होते, सांभाळून घे म्हणून.

“हो ताई,” मी म्हणाले, “मलाही बोलले होते मागे.”

ताईनं त्यांच्या पायांवरचं पांघरूण सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयानं दगा दिला आणि भाऊजी गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं, त्यांना माहीत होतं, त्यांनीच ऐकलं नाही. ताई मुकाट ऐकायची. खोटं सांगून मी बहिणीला वाचवतेय, असं मला वाटत होतं.

महिन्याभरानं ती कामावर जायला निघाली. तिला एकटीला सोडवेना, म्हणून मी शिकवते त्या शाळेतून रजा घेतली आणि सोबत गेले. चौदा बायका पोरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. टेबलावर कुणीतरी नेहमीसारखी शेवग्याची जुडी आणून ठेवली होती. ताईनं ती उचलली आणि शिकवायला लागली. लोह, कॅल्शियम, प्रथिनं, काही गाळलं नाही.

“खा. पोरांना द्या,” ती म्हणाली. “ते माझं म्हणणं बदललेलं नाही. पण ही भाजी आहे. औषध म्हणायचे ते माझं चुकलं. घरात कुणाचं मूत्रपिंड खराब असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.”

“इतक्याशा पाल्यानं काय होणार बाई?” पुढे बसलेली एक हसत म्हणाली.

“माणूस जातो,” ताई म्हणाली. “माझा नवरा गेला. मी दिलं होतं.”

मला राहवलं नाही. “ताई, त्यांना माहीत होतं ना,” मी मागून म्हणाले.

“नाही.” ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं. “त्यांना काही माहीत नव्हतं. मला जगता यावं म्हणून बोलले ते, आणि तू हो ला हो केलंस. ते माझ्यापाशी राहू दे. पण या बायकांना मी खोटं कसं सांगू?”

ताईनं जुडी टेबलावर ठेवली आणि वजनकाट्याजवळ जाऊन उभी राहिली.

“चला, पहिली कोण?”

बराच वेळ कुणी उठलं नाही. मग ती हसलेली बाईच उठली. तिनं पोराचे कपडे काढले आणि त्याला काट्यावर ठेवलं. ते रडायला लागलं. ताईनं वही माझ्याकडे सरकवली आणि आकडा सांगितला.

“किती म्हणालीस?” मी विचारलं. मला वहीतल्या रेघा दिसत नव्हत्या.

“सहा किलो दोनशे,” ताई म्हणाली. “डोळे पूस आणि नीट लिही.”