तळ्याकाठची शपथ

गावकऱ्यांनी नीरजाचं ऐकलं ते तिच्या डिग्रीमुळे नाही, तिच्या भावामुळे. काशीच्या बालाजी घाटावरचे रत्नाकरगुरुजी, म्हणजे तिचा दादा, लोटा घेऊन तळ्याकाठी आले आणि ओंजळीत गंगाजल धरून म्हणाले, "काठाच्या पट्ट्यात मी गवतच ठेवीन. डीएपी खताचा एक दाणा टाकणार नाही." मग कोण मागे राहणार? वाहून येणाऱ्या खताने तळं सडतं, हे युनिव्हर्सिटीतली नीरजा वर्षभर घसा फोडून सांगत होती. ते काम भावाच्या ओंजळीने चुटकीसरशी केलं. तिला केवढा अभिमान वाटला होता!

पावसाळ्यात तिने सगळ्यांच्या शेतातली माती तपासली, फक्त दादाचं झेंडूचं शेत सोडून. गंगाजल हातात घेतलेल्या माणसाच्या मातीवर शंका घ्यायची? काशीच्या मराठी घरात वाढलेल्या मुलीला ते सुचलंसुद्धा नाही.

आश्विनात तळ्यावर हिरवी साय धरली. तळ्यात शिंगाडा लावणाऱ्या अंबिकाच्या वेली कुजल्या. वेलींच्या काठाला लागून दोनच शेतं होती, दादाचं आणि अंबिकाचं. नीरजाने सरळ अंबिकालाच चार लोकांत झाडलं, "माती तपासून झाल्यावर खत टाकलंस आणि स्वतःच्याच पोटावर पाय आणलास!" अंबिका कुजलेली वेल हातात घेऊन नुसती बघत राहिली.

परतताना नीरजा दादाच्या बांधावरून आली. पट्ट्यातलं गवत उपटलेलं होतं. तिथे झेंडू डवरला होता आणि सरीत डीएपीचे करडे दाणे पडले होते.

घरी रत्नाकर हार गुंफत बसला होता. त्याने मानही वर केली नाही.

"दिवाळीला फूल मोठं लागतं, नीरू. तू फालतू टेन्शन घेतेस."

"दादा, तू गंगाजल हातात घेतलं होतंस!"

"छे! एवढी मोठी शपथ कोण घेतो? लोट्यात नळाचं पाणी होतं." आणि तो हसला.

म्हणजे शपथ मोडायचं आधीच ठरलं होतं, आणि गावाला फसवायला बहिणीचाच विश्वास वापरला होता. नीरजाला त्याची किळस आली. स्वतःची तर त्याहून जास्त.

सकाळी दारात अंबिका उभी होती. ओलं लुगडं, हातात काठोकाठ भरलेला लोटा.

"दीदी, सीधे गंगाजी से भरकर लाई हूँ. इसे हाथ में लेकर कहूँगी, खाद मैंने नहीं डाली. गुरुजी को बुलाइए. उनके सामने कहूँगी तो गाँव मानेगा."

नीरजाने तिच्या हातातून लोटा घेतला. थोडं पाणी उंबऱ्यावर सांडलं.

"शपथ तू नाही घ्यायचीस," ती म्हणाली, आणि आत वळून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "दादा, बाहेर ये! खरं गंगाजल आलंय. आता धर ओंजळ."