काळ्या कोटावरचं तपकिरी बटण

मला तुम्ही पाहिलंय. गुन्ह्याच्या मालिकेत प्रेताजवळ गुडघे टेकून बसणारा तो तपास अधिकारी आठवतो ना, दाढी वाढलेला, डोळे तांबारलेले? त्याच्या अंगावरचा चुरगळलेला काळा कोट म्हणजे मी.

जन्मलो तेव्हा मी असा नव्हतो. शिंप्याने मला कडक इस्त्री करून, सगळी बटणं लावून पाठवलं होतं. दिग्दर्शकांनी मला पाहून नाक मुरडलं. म्हणाले, हा तर लग्नाला निघालेल्या माणसाचा कोट झाला. आपल्या माणसाला झोप नाही, बायको सोडून गेलीय, घरी वाट बघणारं कुणी नाही. मग कपडेपटाच्या काकूंनी मला पाण्यात बुचकळलं, पिळलं, कोपरांवर दगडाने घासलं आणि मधलं बटण कात्रीने कापून टाकलं. माणूस एकटा आहे हे दाखवायला तेवढं पुरलं.

तेव्हापासून काकू बाकीच्यांच्या कपड्यांना इस्त्री करत आणि मला मात्र रोज नेमाने चुरगळत.

गंमत म्हणजे मला घालणारा नट अगदी सुखी जीव. आईबरोबर राहणारा, पोटभर जेवणारा, जेवल्यावर खुर्चीत डुलकी काढणारा. कॅमेरा सुरू झाला की मात्र खांदे पाडायचा, गार चहा प्यायचा, कुणी जेवायला बोलावलं की खिडकीबाहेर बघत बसायचा. मालिकेतल्या हुशार माणसांना भूकच लागत नाही, हे मला तिथे कळलं.

त्याच्या आईला ते बघवत नसे. शेजारणी तिला विचारत, मुलगा आजारी आहे का हो? नट हे सेटवर हसत हसत सांगायचा. तिने ते किती मनाला लावून घेतलंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

एकदा संध्याकाळी एका म्हातारीच्या दाराचा प्रसंग चित्रित झाला. तिचा मुलगा गेल्याचं सांगायला अधिकारी येतो, दार ठोठावतो, ती दार उघडते. पुढचं दुसऱ्या दिवशी करायचं ठरलं. सेटवरचा कपडा बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा काकूंचा नियम. पण काकू शर्टांवरचं खोटं रक्त धुण्यात गुंतल्या होत्या आणि नट मला अंगात घालूनच घरी गेला.

आईने मला खुंटीवर पाहिलं आणि सुईदोरा काढला. काळं बटण मिळेना, म्हणून डब्यातलं तपकिरी लावलं. "एवढे खुनी पकडतोस," ती म्हणाली, "आणि तुला एक बटण लावून द्यायला कुणी नाही होय रे?" नट तेव्हा गाढ झोपला होता. ती माझ्याशीच बोलत होती.

सकाळी काकूंनी मला नेहमीसारखं चुरगळलं. बटण नसलं की डोळ्यांना खुपतं, असलं की कुणी बघत नाही. म्हातारीच्या घरातला सगळा प्रसंग तसाच चित्रित झाला. कालचं चित्रण लावून पाहिलं तेव्हा कुठे दिग्दर्शक थबकले.

"काकू, दाराबाहेर बटण नाही आणि आत आल्यावर आहे. हे तुमचं काम ना?"

काकूंचा चेहरा उतरला. त्यांच्या आधीच्या बाईंना अशाच एका चुकीसाठी घरी पाठवलं होतं. शिवाय संध्याकाळी तो सेट मोडायचा होता. सगळं पुन्हा करायला वेळ नव्हता.

नट पुढे झाला. "चूक माझी आहे. मी कोट घरी नेला. आईने बटण लावलं असणार."

"तुझ्या अधिकाऱ्याला आई नाहीये."

म्हातारीचं काम करणाऱ्या आजी कोपऱ्यात चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या दारात आलाय ना तो? मग मीच लावते की."

"अहो आजी, तुमचा मुलगा गेल्याचं सांगायला आलाय तो."

"मला कुठे ठाऊक आहे अजून?" आजी म्हणाल्या. "असं पोर दारात उभं राहिलं तर मी आधी काय बघेन?"

दिग्दर्शकांनी माझ्याकडे पाहिलं. मग होकाराची मान डोलावली.

काकूंनी ते बटण जपून उसवलं. कॅमेरा सुरू झाला. आजींनी अधिकाऱ्याला बसवलं आणि त्याच्या छातीशी वाकून बटण लावायला घेतलं. त्याला सांगायचं होतं, पण सांगवेना. खिडकीबाहेर बघायची त्याची सवय त्या दिवशी सुटली. तो आजींच्या हातांकडे बघत राहिला. आजींनी दोरा दातांनी तोडला, तरी दिग्दर्शक 'कट' म्हणायचे विसरले होते.

काकूंची नोकरी राहिली आणि माझं बटणही. पुढे अधिकारी मधूनमधून जेवू लागला, एकदा तर चक्क हसला. खुनी पूर्वीसारखेच सापडत राहिले.

आता मालिका संपली आहे. मी नटाच्या घरी असतो आणि आई मला इस्त्री करते. म्हणून मालिका लिहिणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे, तुमच्या हुशार माणसांना थोडं जेवू द्या. घरी कुणीतरी त्यांची वाट बघत असू द्या. त्याने त्यांची अक्कल कमी होत नाही, हे मी अंगावर राहून पाहिलंय.

परवा बाजारात एका बाईंनी आम्हाला ओळखलं. माझ्या बटणाकडे बघून हळूच विचारलं, "आता बरे आहात ना?"

"हो," नट म्हणाला, "जेवूनच निघालोय."