माझ्या ओळीतले बिबडे

डॉक्टरांनी विचारलं, "महिन्याला फिट किती येतात?" मी म्हटलं, "दोन." शेजारी आमचे हे, हितेंद्र, बसलेले. त्यांनी खिशातून वही काढली आणि म्हणाले, "अकरा."

माझं डोकंच फिरलं. धुळ्याहून अमळनेरला येईपर्यंत एसटीत मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तीन तऱ्हेच्या गोळ्या झाल्या, फिट थांबत नाहीत. आता चौथी गोळी जोडून बघायची, नाहीतर मुंबईला भरती व्हायचं. तिथे डोक्याला वायरी लावून आठवडाभर बघणार, आणि जमण्यासारखं असलं तर मेंदूचं ऑपरेशन. "पण आकडा खरा सांगा," डॉक्टर म्हणाले, "आणि शनिवारपर्यंत कळवा."

म्हणजे सगळं आकड्यावर, आणि आकडा ह्यांच्या वहीत. पाणी कुठं मुरतंय ते न कळण्याइतकी मी खुळी नाही. लग्नात माझ्या आईने दुखणं लपवलं होतं. दोंडाईच्याहून येताना गोळ्या मी पावडरच्या डब्यात घालून आणल्या. दोन वर्षांनी भर स्वयंपाकघरात पडले तेव्हा उघड झालं. ते ह्या माणसांनी इतक्या सहज पोटात घातलं असेल? एकदा डोक्याच्या ऑपरेशनचा कागद हातात आला, की बाई बिघडलेली म्हणून माहेरी धाडायला मोकळे. नणंद मोनाली हल्ली मला बघितलं की फोनवर आवाज बारीक करते. सासूबाई गॅसपाशी उभं राहू देत नाहीत. काळजी म्हणे.

शुक्रवारी आमच्या गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते. ज्वारीचं शिजवलेलं पीठ, ओली कापडं आणि थापायला गल्लीतल्या सात बाया. म्हटलं, झकास, मला काही फिट येत नाहीत हे बघायला सात साक्षीदार मिळाले. मी कोपऱ्यात वेगळं कापड अंथरलं आणि बजावलं, "माझ्या ओळीला आज कोणी हात लावायचा नाही." शेजारच्या भिकुबाईंनी सासूबाईंकडे बघितलं. मी मनात म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

हात थापत होते, नजर बायांवर होती. कोण उठतं, कोण कुणाच्या कानाला लागतं, सगळं टिपत होते. अकरा वाजता पाठ मोडली तेव्हा उठले आणि ओळ बघितली. तीन बिबडे चिवडलेले. बोटांनी उकरून पिठाच्या गोळ्या केलेल्या.

"भिकुबाई, हे तुम्ही केलं?"

"नई वं माय," त्या हळूच म्हणाल्या.

खोटं कशाला म्हणू? पहारा तर मीच ठेवला होता. सकाळपासून त्या कोपऱ्यात माझ्याशिवाय कोणी फिरकलंच नव्हतं.

सासूबाई जवळ येऊन बसल्या. "दरसाल आम्हीच नीट करी देतस. तू थांबी जास, बोटे पीठमा फिरत ऱ्हातस. मंग परत थापाले लागस. तुले कळत नई."

"कधीपासून?"

"तुनं लगीन व्हयनं त्या सालपासून."

म्हणजे मी स्वयंपाकघरात पडले त्याच्या आधीपासून. मी डब्यात गोळ्या लपवत होते आणि इथे अख्खी गल्ली माझे बिबडे नीट करत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तितकाच रागही आला. सगळ्यांच्या ह्या चांगुलपणापायी मी आठ वर्षं डॉक्टरांना दोन-दोन सांगत आले, आणि ते त्या दोनावरच गोळ्या देत राहिले. सासूबाईंचा ओला हात बिबड्याकडे गेला तो मी धरला. "राहू द्या तसंच," म्हटलं. त्या रडायला लागल्या. मी नाही रडले.

ह्यांना फोन लावला. "मुंबईला येते मी. डॉक्टरांना आजच कळवा. आणि वहीत आजच्या तीन लिहा."

त्यांनी वहीचं पान उलटल्याचं ऐकू आलं.

"चार," म्हणाले. "सकाळी वेणी घालताना एक आली होती."