होळीवर न चढलेली बोरघिल्ड

मी एक होडी बोलतेय. लाकडाची आहे, जुनी आहे, पण तोंड अजून शाबूत आहे. नॉर्वेच्या उत्तरेला, लोफोटेनच्या एका लहान बंदरात माझा मुक्काम असतो.

एडविनने मला बांधून घेतलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. म्हणून बायकोचंच नाव त्याने मला दिलं, बोरघिल्ड. तिला आधी फार कौतुक वाटलं. पुढे नवरा घरापेक्षा माझ्यातच जास्त राहायला लागला, तेव्हा ती मला सवत म्हणायला लागली. अजून तसंच म्हणते, आणि मला ते आवडतं.

हिवाळ्यात कॉड मासा आमच्या किनाऱ्याला येतो. त्या दिवसांत मी इतका मासा वाहिलाय की शेजारच्या बोटी माझ्याकडे तिरक्या नजरेने बघायच्या. मग एडविनचे गुडघे गेले. त्याने मला ओढून किनाऱ्यावर काढलं, वर ताडपत्री टाकली आणि म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात बघू." तो पुढचा उन्हाळा काही आलाच नाही. ताडपत्री फाटली, ऊन-वाऱ्याने माझ्या फळ्या आखडल्या, फटींतून पलीकडचा डोंगर दिसायला लागला. एका मांजरीने माझ्या पोटात पिल्लं घातली. तेवढाच काय तो सहवास.

आमच्याकडे उन्हाळ्याच्या मध्यावर समुद्राकाठच्या खडकावर होळी पेटते. तिच्या माथ्यावर एखादी जुनी होडी असली की गावाची मान ताठ. ही होळी रचायचं काम ओडमुंडकडे. ट्रॅक्टर त्याचा, तोंडही त्याचंच. हिवाळा सरता सरता तो आला.

"एडविनकाका, यंदा ही मला द्या. ओढून न्यायचा खर्च माझा."

एडविन जमिनीकडे बघत "ने" म्हणाला. आयुष्यभर ज्याला पोसलं त्याने मला असं एका शब्दात देऊन टाकलं. मला फार लागलं ते.

बोरघिल्ड बाहेर आली. "अहो, माझं नाव आहे तिच्यावर. साऱ्या गावादेखत मला जाळणार का तुम्ही?"

"नाव खरवडून घेईल तो."

"इतकी वर्षं हिला शिव्या मी घातल्यात. जाळायची तर मी जाळीन. हा ओडमुंड कोण लागून गेला?"

दुसऱ्याच दिवशी गुनवोर आली. मासे चिरायच्या शेडमध्ये काम करणारी पोरगी. दोन हिवाळे दुसऱ्यांच्या बोटींवर राबली होती, पण सुकाणूला कुणी हात लावू दिला नव्हता. कॉफी कर, दोर आवर, एवढंच. तिला स्वतःची बोट हवी होती. नवी घ्यायची तर म्हातारी झाली असती, आणि जुन्या चांगल्या बोटीला हात लावायचीही ऐपत नव्हती.

"काका, होडी विकायची का?"

"ती जळायला चाललीय."

"म्हणून तर विचारतेय. स्वस्त पडेल."

तिने आकडा सांगितला. एडविनला हसू आलं. "एवढ्यात नुसतं इंजिन येत नाही."

"हिचं इंजिन चालतं?"

"नाही."

"मग?"

गुनवोरने नोटा पुढे केल्या, त्याने त्या नकळत हातात घेतल्या. खिडकीतून बोरघिल्ड म्हणाली, "द्या तिला. आणि पोरी, सगळेच देऊन टाकू नकोस. डिझेल काय पावसाचं पाणी आहे?" बाहेर येऊन तिने एडविनच्या हातातल्या थोड्या नोटा काढून पुन्हा गुनवोरच्या खिशात कोंबल्या. अशी माझी विक्री झाली. मी पडून असले तरी भाव ऐकून मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

ओडमुंड तणतणत आला, त्याच्या मागे निम्मं गाव. शब्द आधी त्याला दिला होता, हे खरंच होतं.

गुनवोर म्हणाली, "होळीच्या दिवशी ही पाण्यावर दिसली नाही, तर तुझी. मी स्वतः वर चढवून देईन. आणि जाईन बूडो शहरात, मावशीच्या बेकरीत पाव भाजायला."

"सगळ्यांसमोर बोलतेयस."

"सगळ्यांसमोरच बोलतेय."

दोघांनी हात मिळवले. आता माझा जीव आणि तिचं स्वप्न एकाच दोराला बांधले गेले.

पोरगी कामाला भिडली. इंजिन उचकटून शेडमध्ये नेलं, तिथे एडविन स्टुलावर बसून ते दुरुस्त करू लागला. इकडे तिने माझ्या फटी भरायला घेतल्या. पण ही पिढी वाढली प्लास्टिकच्या बोटींत. तिने त्या बोटींची दगडासारखी कडक होणारी पुट्टी आणली आणि एकूण एक फट गच्च बुजवली. वरून रंग. येणारा-जाणारा वाहवा करायचा, आणि मीही फुशारले. तरुण दिसायला कुणाला नको असतं?

एक दिवस एडविन काठी टेकत आला. त्याने फळीवर बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काय केलंस हे?"

"फटी बुजवल्या, काका."

"अगं, पाण्यात लाकूड फुगतं. फळ्यांना फुगायला जागाच ठेवली नाहीस तर आतून बरगड्या मोडतील हिच्या."

"मग आता?"

"काढ सगळं. फटींत ठासलेला जुना ताग तेवढा राहू दे. आणि मग बुडव हिला."

गुनवोर मटकन खाली बसली आणि रडली, अगदी मोठ्याने. मग एडविनला नाही नाही ते बोलली. शेवटी तिने नाक पुसलं, छिन्नी उचलली आणि खरवडायला लागली. तो रंग माझाही आवडता होता.

मला धक्क्यापाशी पाण्यात सोडलं. मी चाळणीसारखी भरले. वर तिने पोटात दगड ठेवले आणि मी काठापर्यंत बुडाले. धक्क्यावर हशा पिकला.

"पोरी," ओडमुंड ओरडला, "होळीचं लाकूड भिजवून ठेवतात का कुणी?"

गुनवोर त्याच्याकडे बघतही नव्हती. मला मात्र खाली गार पाण्यात बरं वाटत होतं. इतक्या वर्षांची तहान होती. फळ्या हळूहळू एकमेकींकडे सरकत होत्या.

पहिल्यांदा पंप लावला तेव्हा मी लगेच परत भरले. दुसऱ्यांदा लावला, तर गुडघाभरच पाणी आलं. ओडमुंडच्या होळीची लाकडं खडकावर रचून झाली, वर माझ्यापुरती जागा मोकळी ठेवलेली मला धक्क्यापासून दिसत होती. तिसऱ्यांदा पंप बंद केला आणि गुनवोर रबरी बूट घालून माझ्या पोटात उभी राहिली. उभीच राहिली. एडविन वरून विचारत होता, "आलं का?" मग ती वाकली, तळाला हात लावला, आणि तो कोरडा हात त्याला वर करून दाखवला.

होळीच्या दिवशी दुपारी इंजिन खोकलं, थुंकलं आणि चालू झालं. निघताना बोरघिल्डने गुनवोरच्या डब्यातलं तपकिरी चीज काढून घेतलं. "हे घेऊन समुद्रावर जातात? अक्कल गहाण ठेवलीस?" आमच्याकडे ते अपशकुनी. गुनवोरने मला धक्क्याबाहेर सूर्य फिरतो त्या बाजूने वळवलं, रीतीप्रमाणे. सुकाणूवर फक्त तिचेच हात होते. बंदराचं तोंड ओलांडल्यावर तिने वेग वाढवला.

बेटाच्या मागे सेई मासा उसळत होता. ती गळ टाकत गेली आणि मासे येत गेले. एकटीच हसत होती, एकटीच बोलत होती, मध्येच माझ्या काठावर थाप मारत होती. मला माझे जुने दिवस आठवलेच नाहीत, एवढी मी त्या दुपारी रमले होते.

परत आलो तेव्हा अख्खं गाव खडकावर जमलं होतं. होळीचा माथा रिकामाच होता. मासे भरून मी पाण्यात खोल बसले होते, पण आत पाण्याचा टिपूस नव्हता. ओडमुंड धक्क्यावर एकटा उतरून आला, ट्रॅक्टरची साखळी अजून हातातच होती.

"होडी काही मिळत नाही तुला," गुनवोर म्हणाली. "मासे आहेत. सगळ्यांना पुरतील. भाजा."

ओडमुंडने पेट्यांकडे पाहिलं, मग माझ्या फळ्यांकडे, मग तिच्याकडे. साखळी खाली टाकली, टोपी काढली आणि दोन्ही हात पुढे केले.

"दोर टाका, कप्तान," तो म्हणाला. "मी बांधतो."

आज हिवाळा आहे. कॉड आलाय आणि मी रोज बाहेर असते. तुमच्या किनाऱ्यावर, झाडाखाली, ताडपत्रीखाली माझ्यासारखी कुणी आखडून पडली असेल, तर तिला लाकूड म्हणायच्या आधी एकदा पाण्यात घालून बघा. बुडेल ती. बुडू द्या. पण पाठ फिरवून जाऊ नका, वर उभे राहा आणि वाट बघा.

चला, कप्तान हाक मारतेय. निघते मी.