उभा पलंग आणि सहा मशिनी

धाकट्या सुनेनं मला न विचारता माझा पलंग भिंतीला उभा करून ठेवला. मी काय मेले होते? चार सुना नांदवल्या मी, पण माझ्या पलंगाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. बाजारातून येऊन बघते तर पुढच्या खोलीत सहा शिलाई मशिनी, हिला धरून सहा बाया आणि कापडाचे ढीग.

“हे काय मांडलंयस गं?”

“आई, दवाखान्याच्या पडद्यांचं काम मिळालंय! संध्याकाळी टेम्पो येणार. एकटीच्यानं व्हायचं नाही, म्हणून सगळ्यांना मशिनी घेऊन इथंच बोलावलं.”

मशिनी गरीब बायकांच्या धंद्याच्या योजनेतल्या. अख्ख्या गल्लीला एकच शिकवलं, पिशव्या शिवायच्या. दारोदार पिशव्या लोंबकळल्या, पण घेणार कोण? जी ती विकणारी! हे पहिलं खरं काम. एक कापतेय, चौघी शिवतायत, एक कड्या लावतेय. मशिनींचा असा धडाका, की माझा राग कुठल्या कुठे गेला. बसले दोरे तोडायला.

तेवढ्यात शेजारीण धापा टाकत आली. “योजनेवाल्या मॅडम आल्यात! घरोघरी फोटो काढतायत. जिच्या घरात मशीन दिसणार नाही, तिची परत नेणार म्हणे!”

सगळ्यांचे हात थांबले. मशिनी घरोघरी न्याव्यात, तर टेम्पो रिकामा जाणार. सून रडकुंडीला आली.

“रडतेस काय? दोरी आण!”

शिवून झालेल्या पडद्यांच्या कड्यांत दोरी ओवली आणि खोलीभर पडदे टांगले. एका खोलीची सहा घरं झाली. एकेका घरात एकेक बाई, एकेक मशीन.

मॅडम दारातच थबकल्या. “आजी, हे काय हो?”

“हे हिचं घर. पडदा सारला की तिचं. भिंत विटांचीच पाहिजे, असं कुठं सांगितलं होतंत?”

मॅडम फिसकन हसल्या. फोटोही काढले. जाताना मात्र हळूच म्हणाल्या, “आज मी होते म्हणून चाललं. दुसरं कुणी आलं तर मशिनी उचलेल. मिळून धंदा करायची सोयच नाही आमच्याकडे.”

टेम्पो भरून गेला. दवाखानेवाल्यानं चादरींचंही काम सांगितलं. बाया नुसत्या नाचत होत्या. मी सुनेला पुढ्यात उभं केलं.

“विचारलं नाहीस, ते चुकलंच. मरेपर्यंत ऐकवीन. आता हा पलंग विकून टाक आणि आपली स्वतःची मशीन आण, कुणी उचलून न्यायला नको. मी खाली झोपेन. पण माझ्या उशाशी खडखडाट केलास, तर याद राख!”